रिपोर्टवरचा 'आर' कुणाचा?

गेल्या महिन्यात एक गृहस्थ आमच्या लॅबच्या खिडकीशी येऊन उभे राहिले. वडील आयसीयूत होते आणि त्यांच्या लघवीचा कल्चर रिपोर्ट हातात होता. कागदावर औषधांची लांबलचक यादी आणि जवळजवळ प्रत्येक नावापुढे 'आर', म्हणजे 'हे औषध लागू पडत नाही' अशी खूण. ते म्हणाले, "मॅडम, ह्यातली निम्मी औषधं बाबांनी जन्मात घेतलेली नाहीत. मग त्यांच्या अंगाला सगळ्यांची सवय झाली कशी?"

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो, आणि दर वेळी वाटतं की खिडकीत उभ्या उभ्या दोन मिनिटांत उत्तर दिलं तर त्या माणसावर अन्याय होतो. म्हणून आज सवडीने लिहिते आहे.

सवय बाबांच्या अंगाला झालेली नाही. रिपोर्टवरचा तो 'आर' त्यांच्या लघवीत सापडलेल्या जीवाणूचा आहे. त्या जीवाणूने ती औषधं कधी पाहिलीही नसतील. त्याच्याकडे ती निकामी करण्याची कृती लिहिलेली आहे, एवढंच. ती कृती त्याला बऱ्याचदा दुसऱ्या जीवाणूकडून मिळालेली असते. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

## टिकल्यांची ताटली

आधी तो 'आर' आम्ही ठरवतो कसा ते सांगते. पेशंटचा नमुना आला की तो खाद्य घातलेल्या एका गोल ताटलीवर पसरतो आणि रात्रभर उबेत ठेवतो. सकाळी त्यावर जीवाणूंच्या वसाहती उगवलेल्या दिसतात. क्लेब्सिएला नावाचा जीवाणू असला तर त्या गुलाबी, फुगीर आणि लसलशीत असतात. तारेच्या कडीने उचलायला गेलं की एकतारी पाकासारखी तार निघते. बरीच वर्षं हे काम करतेय, तरी आयसीयूच्या नमुन्यात ती तार दिसली की काळजात धस्स होतं.

मग त्या वसाहतीतले जीवाणू दुसऱ्या ताटलीवर अंगण सारवावं तसे एकसारखे पसरायचे आणि वर औषधात भिजवलेल्या कागदाच्या छोट्या चकत्या ठेवायच्या. चकती असते सहा मिलिमीटरची, म्हणजे कपाळावरच्या टिकलीएवढी. प्रत्येक टिकलीत वेगळं औषध. दुसऱ्या दिवशी बघायचं. औषध लागू पडत असेल तर टिकलीभोवती मोकळं गोल रिंगण पडतं, तिथे काहीच उगवलेलं नसतं. ते रिंगण पट्टीने मोजतो. मेरोपेनेम या औषधाभोवती २३ मिलिमीटर किंवा जास्त रिंगण पडलं तर रिपोर्टवर 'एस', म्हणजे जीवाणू औषधाला बधतो. १९ किंवा त्याहून कमी पडलं तर 'आर', म्हणजे बधत नाही. मधल्यांना 'आय'. काही जीवाणू तर टिकलीला अगदी चिकटून उगवतात, रिंगणाचा मागमूसही नसतो.

आता बऱ्याच ठिकाणी हे मोजमाप यंत्र करतं, पण तत्त्व तेच.

## जीवाणूकडे असतं तरी काय?

दोन शब्द समजून घेऊ. जनुक म्हणजे पेशीत लिहून ठेवलेली एक कृती, एक पदार्थ कसा करायचा त्याची. जीवाणूची अशी काही हजार जनुकं असतात. बहुतेक सगळी त्याच्या मुख्य वहीत असतात, आणि ती वही आईकडून लेकीकडे जावी तशी पिढीजात पुढे जाते. पण याशिवाय जीवाणूकडे काही सुट्या चिठ्ठ्याही असतात. या चिठ्ठीला प्लाझमिड म्हणतात. हा दुसरा शब्द.

चिठ्ठीची गंमत अशी की ती शेजाऱ्याला देता येते. दोन जीवाणू एकमेकांना चिकटतात, एकातून दुसऱ्यात बारीक नळीसारखा पूल जातो आणि चिठ्ठीची नक्कल पलीकडे पोचते. देणाऱ्याची चिठ्ठी त्याच्याकडेच राहते. घेणारा त्याच जातीचा असायलाही हवा असं नाही. क्लेब्सिएलाची चिठ्ठी ई. कोलाय या वेगळ्या जातीच्या जीवाणूला चालते. माणसाच्या बाबतीत कल्पना करायची तर शेजारणीने पुरणपोळीची कृती लिहून द्यावी आणि त्या क्षणापासून आपल्या हाताला ती जमायला लागावी, तसं.

या चिठ्ठ्यांवर औषध निकामी करण्याच्या कृती असतात. काही कृती औषध पेशीबाहेर उपसून टाकणारा पंप बनवतात. काही औषध जिथे जाऊन बसतं ती जागाच बदलून टाकतात. सगळ्यात त्रासदायक आहे ती कात्रीची कृती.

## गवंडी, खोटी वीट आणि कात्री

पेनिसिलिन आणि त्याची सगळी भावंडं एकाच युक्तीवर चालतात. जीवाणूभोवती एक भिंत असते आणि तिची डागडुजी सतत चालू असते. हे काम करणारे गवंडी, म्हणजे जीवाणूची विकरं (एन्झाइम), विटा उचलून जोडत असतात. पेनिसिलिन दिसायला हुबेहूब विटेसारखं असतं. गवंड्याने ते हातात घेतलं की हात तिथेच चिकटतो. भिंतीचं काम बंद पडतं, आणि आतल्या दाबाने जीवाणू फुटतो. माणसाच्या पेशींना अशी भिंतच नसते, म्हणून हे औषध आपल्याला फारसा त्रास न देता जीवाणूला मारतं. किती सुंदर युक्ती आहे ही!

ती चालते औषधाच्या मधोमध असलेल्या एका चौकोनी कडीवर. ती कडी कापली की खोटी वीट निरुपयोगी होते. हे कापणाऱ्या कात्र्या जीवाणूंकडे फार आधीपासून आहेत. पेनिसिलिन रुग्णांना सर्रास मिळायला लागलं त्याच्याही आधी, १९४० साली, अर्न्स्ट चेन आणि एडवर्ड एब्राहम यांनी पेनिसिलिन तोडणारं विकर जीवाणूत असल्याचं नोंदवलं होतं. कायम गोठलेल्या उत्तर ध्रुवीय प्रदेशातल्या ३०,००० वर्षांपूर्वीच्या मातीतही प्रतिरोधाची जनुकं सापडली आहेत. यात नवल नाही, कारण बरीचशी अँटिबायोटिक्स मुळात मातीतल्या बुरशी आणि जीवाणूंनीच एकमेकांशी लढताना तयार केलेली आहेत. जिथे हत्यार तिथे ढाल असणारच.

म्हणजे कात्री माणसाने निर्माण केली नाही. ज्या जीवाणूकडे कात्री आहे त्यालाच जगू द्यायचं, असा बाजार मात्र आपण मांडला.

## एनडीएम-१ ची गोष्ट

कार्बापेनेम हा पेनिसिलिनच्या भावंडांमधला सगळ्यात दणकट गट. इमिपेनेम, मेरोपेनेम ही त्यातली नावं. दुसरं काही चालेनासं झालं की आयसीयूत हीच काढायची, असा अनेक वर्षं शिरस्ता होता.

२००८ साली स्वीडनमध्ये, मूळच्या भारतीय असलेल्या एका ५९ वर्षांच्या गृहस्थांच्या लघवीत क्लेब्सिएला सापडला. ते काही दिवस आधी दिल्लीत रुग्णालयात दाखल होते. त्या क्लेब्सिएलावर कार्बापेनेमही चालत नव्हती. तपासल्यावर त्यात एक नवीन कात्री निघाली. तिच्या पात्यात जस्ताचे दोन अणू बसवलेले होते आणि कार्बापेनेमची कडीही ती कापत होती. पुढे त्याच गृहस्थांच्या शौचाच्या नमुन्यात ई. कोलाय सापडला आणि त्याच्याकडेही हेच जनुक होतं. एकाच माणसाच्या पोटात चिठ्ठी एका जातीकडून दुसरीकडे गेली असावी, याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित मिळतं. २००९ मध्ये हा शोध छापून आला. कात्रीचं नाव ठेवलं न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, थोडक्यात एनडीएम-१.

या नावावरून आपल्याकडे मोठं वादळ उठलं. मुद्दाम देशाला बदनाम केलं, असं अनेकांना वाटलं आणि अजूनही वाटतं. गावाचं नाव देण्याची पद्धत मात्र आधीची आहे. याच जातीच्या एका कात्रीचं नाव इटलीतल्या व्हेरोनावरून आहे, एकीचं ब्राझीलच्या साओ पावलोवरून. तरीही नावाने दुखावलेल्यांचा राग मी समजू शकते. रोगाला गावाचं नाव देऊ नये असंच माझं मत आहे. पण रागाच्या भरात आपण एक गोष्ट विसरलो. जगभर गवगवा व्हायच्या आधी आपल्याच डॉक्टरांनी हे सांगितलं होतं. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात सापडलेले, कार्बापेनेमला न बधणारे २४ जीवाणू तपासले. त्यातल्या २२ जणांकडे एनडीएम-१ निघालं. मार्च २०१० मध्ये त्यांनी ते भारतीय वैद्यकीय मासिकात छापलं. लोकांसमोर असं सत्य मांडायला धैर्य लागतं, आणि त्यांनी ते दाखवलं. त्यानंतर ऑगस्टमध्ये चेन्नई, हरियाणा, पाकिस्तान आणि ब्रिटनच्या नमुन्यांवरचा मोठा अभ्यास आला आणि जगभर गवगवा झाला. पुढे जुन्या साठ्यातले नमुने काढून पाहिले, तर भारतातल्या रुग्णालयांतल्या २००६ सालच्या जीवाणूंतही हे जनुक निघालं. म्हणजे कुणी नाव ठेवायच्या कितीतरी आधी ते आपल्यात वावरत होतं.

## मग एका औषधाने इतके 'आर' कसे?

आता खिडकीतल्या त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे येऊ. निम्मी औषधं बाबांनी घेतलीच नव्हती, तरी 'आर' कसा?

कारण एका चिठ्ठीवर एकच कृती नसते. एनडीएमची चिठ्ठी उलगडली तर तिच्यावर बहुतेक वेळा आणखी चारदोन कृती सापडतात. एखादी अमिकासिनसारख्या इंजेक्शनांविरुद्धची, एखादी सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटाविरुद्धची, एखादी साध्या पेनिसिलिनविरुद्धची. चिठ्ठी आली की सगळंच येतं.

याचा परिणाम लक्षात घेण्यासारखा आहे. समजा कुणी जुलाबासाठी मनानेच सिप्रोफ्लॉक्सासिनची पाकिटं संपवली. त्याच्या आतड्यातले साधे जीवाणू मेले, चिठ्ठीवाला एखादा उरला. त्या माणसाने कार्बापेनेमचं नावही ऐकलेलं नाही, तरी त्याच्या पोटात कार्बापेनेम कापणारा जीवाणू माजला. शेतात एकाच तणाला न लागणारं तणनाशक वर्षानुवर्षं मारत राहिलं की शेवटी रानभर तेच तण उरतं, शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही.

आणि वेग? ई. कोलायला सोयीची जागा आणि खाद्य मिळालं तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. दहा तासांत एकाचे शंभर कोटींहून जास्त. शरीरात एवढं बिनबोभाट होत नाही, कारण जागा कमी आणि शेजारी भरपूर असतात. आपल्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू राहतात आणि बहुतेक सगळे निरुपद्रवी किंवा उपयोगी असतात. तेच आगंतुकाला जागा देत नाहीत. सर्दीसाठी घेतलेलं अँटिबायोटिक सर्दीच्या विषाणूला काहीच करत नाही, या चांगल्या शेजाऱ्यांना मात्र हाकलून देतं.

## "मी कधी अँटिबायोटिक घेतच नाही, मला काय?"

हे वाक्य अगदी प्रामाणिक माणसं बोलतात. पण चिठ्ठी तुमच्या घरात तयार व्हायची गरज नाही. ती शेजाऱ्याकडून येते. २०११ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात दिल्लीतल्या रस्त्याकडेच्या साचलेल्या पाण्याचे १७१ नमुने तपासले, त्यातल्या ५१ मध्ये एनडीएम-१ चं जनुक निघालं. नळाच्या ५० नमुन्यांपैकी दोनांत. सांडपाणी आणि पिण्याचं पाणी जिथे जवळजवळ वाहतं, तिथे चिठ्ठ्यांची देवाणघेवाण रुग्णालयाच्या भिंतीत अडकून राहत नाही. म्हणून मला गटाराचं काम हे औषधाच्या कामाइतकंच वैद्यकीय वाटतं.

कोंबड्यांच्या खाद्याचंही तसंच. कोलिस्टिन हे जुनं, मूत्रपिंडाला त्रासदायक औषध. पण एनडीएमवाल्या जीवाणूंसाठी कित्येकदा तेच हाताशी उरलेलं असतं. तेच पोल्ट्रीत कोंबड्यांची वाढ व्हावी म्हणून दिलं जात होतं. २०१५ मध्ये चीनमध्ये कोलिस्टिनविरुद्धची कृतीही चिठ्ठीवर आलेली आढळली. भारताने जुलै २०१९ मध्ये जनावरं आणि पोल्ट्रीसाठी कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली. उशिरा का होईना, योग्य पाऊल.

## "नवीन औषधं का काढत नाहीत?"

काढतात, पण थोडी आणि सावकाश. अडचण साधी आहे. रक्तदाबाची गोळी माणूस वर्षानुवर्षं घेतो. अँटिबायोटिक पाच-सात दिवसांचं, आणि नवीन निघालं की डॉक्टर म्हणणार, "हे राखून ठेवा, अगदी गरज पडली तरच काढा." डॉक्टरांचं बरोबरच आहे. पण जे विकायचंच नाही ते बनवायला कुठली कंपनी पैसे घालणार? हे कोडं नुसत्या बाजारावर सोडून सुटेल असं मला वाटत नाही. त्याला सरकारांनी पैसा घालावा लागेल.

तरी हाती काही आहे. अ‍ॅझट्रिओनाम हे औषध एनडीएमच्या कात्रीने कापलं जात नाही. पण त्याच चिठ्ठीवरच्या जोडीदार कात्र्या ते कापतात. आणि अ‍ॅव्हिबॅक्टम हे दुसरं द्रव्य नेमक्या त्या जोडीदारांना बांधून ठेवतं. एकाने पहारेकऱ्यांचे हात धरायचे, दुसऱ्याने आत शिरायचं. ही जोडी आज अनेक आयसीयूंमध्ये वापरली जाते आणि माणसं वाचतात. खर्च मात्र साध्या कुटुंबाला परवडणारा नाही. रिपोर्ट हातात देताना मला सगळ्यात जड जातं ते हेच.

दुसऱ्या टोकाचीही घटना नोंदलेली आहे. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात सत्तरीतल्या एक बाई सप्टेंबर २०१६ मध्ये वारल्या. मांडीचं हाड मोडल्यामुळे त्या भारतात अनेकदा रुग्णालयात राहिल्या होत्या. त्यांच्या क्लेब्सिएलाकडे एनडीएम होतं, आणि तिथे तपासलं तेव्हा तो २६ औषधांना बधत नव्हता. २०१९ सालचा जगभराचा हिशोब मांडला गेला आहे. औषधाला न बधणाऱ्या जीवाणूंमुळे थेट झालेले मृत्यू १२.७ लाख आणि ज्यांच्या मृत्यूत त्यांचा वाटा होता असे ४९.५ लाख.

## "म्हणजे कोर्स अर्धवट सोडल्यामुळेच हे झालं?"

शाळेपासून आपण हे ऐकत आलो. ते अर्धंच खरं आहे. मनाने औषध बंद करू नये, हे खरं. पण जास्त दिवस घेतलं म्हणजे जास्त सुरक्षित, हे खोटं. पोटातले लाखो कोटी निरुपद्रवी जीवाणू त्या प्रत्येक जास्तीच्या दिवशी औषधात बुडत असतात. न्यूमोनियासारख्या कित्येक संसर्गांत थोड्या दिवसांचा कोर्स पुरतो हे आता अभ्यासांनी दाखवलं आहे, त्यामुळे पूर्वी दहा दिवस देणारे डॉक्टर आज पाच दिवस देतात. तेव्हा डॉक्टरांनी पाच दिवस म्हटलं तर पाच. उरलेली पाकिटं कपाटात ठेवून शेजारच्या काकूंना "मला हीच लागू पडली होती" म्हणून द्यायची नाहीत. आपल्याकडे ही देवघेव प्रेमापोटीच होते, म्हणून ती मोडणं अवघड जातं.

दुकानातही थांबवायची सोय आहे. मार्च २०१४ पासून बरीच अँटिबायोटिक्स एच-वन नावाच्या यादीत आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाहीत आणि दुकानदाराने पेशंटची नोंद ठेवायची. पाकिटावर उभी लाल रेघ दिसली तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायचं औषध आहे एवढं ओळखा.

## "मग रुग्णालयात जायचंच नाही?"

जायचं. आयसीयूत माणूस वाचतो म्हणूनच आपण त्याला तिथे नेतो. पण तिथे काय होतं ते कळलेलं बरं. आजारी माणसाच्या अंगात नळ्या असतात, लघवीची, श्वासाची, शिरेतली. नळी म्हणजे कातडीच्या भिंतीला पाडलेलं दार. शेजारच्या खाटेवरून चिठ्ठीवाला जीवाणू बहुतेक वेळा हवेतून येत नाही, हातावर बसून येतो. कधी बेसिनच्या मोरीतून. असिनेटोबॅक्टरसारखे काही तर कोरड्या कठड्यावर आठवडेच्या आठवडे तग धरतात. म्हणून नर्स प्रत्येक खाटेजवळ हाताला सॅनिटायझर लावते ना, तेवढ्या वीस सेकंदांत ती चिठ्ठीचा रस्ता तोडत असते. तुम्हीही पेशंटला हात लावण्याआधी आणि नंतर लावा. डॉक्टर विसरले तर नम्रपणे आठवण करा. चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. आणि रोज विचारा, "ही नळी आज काढता येईल का?"

## घरी आल्यावर

त्या गृहस्थांनी जाता जाता विचारलं, "बाबा घरी आले की नातीला जवळ घेऊ द्यायचं ना?" घेऊ द्यायचं. जीवाणू अंगावर किंवा पोटात असणं म्हणजे संसर्ग नव्हे. असा जीवाणू आतड्यात कित्येक महिने गपगुमान राहू शकतो आणि धडधाकट माणसाला काही करत नाही. तो घालवण्यासाठी औषध देत नाहीत, उलट दिलं तर चिठ्ठीवाल्यालाच रान मोकळं होतं. घरच्यांनी शौचानंतर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवावेत, बाबांची लघवीची पिशवी असेल तर ती हाताळल्यावर नक्की. नातीला वेगळं काही नको.

एक काम मात्र त्यांना आवर्जून सांगितलं. तो रिपोर्ट फाईलच्या तळाशी घालू नका, सगळ्यात वर ठेवा. पुन्हा कधी कुठल्याही रुग्णालयात बाबांना दाखल करायची वेळ आली, तर रक्ताचे आणि एक्स-रेचे कागद काढायच्या आधी तो दाखवा. पहिल्या तासात कुठलं औषध सुरू करायचं आणि त्यांची खाट कुठे लावायची, हे त्या एका पानावरून ठरतं.